केदारेश्वराचे खांब आणि दगडातलं पाणी

मंडळी, आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगड आहे. त्या गडावर केदारेश्वराची गुहा आहे. कमरेएवढ्या गार पाण्यात थोरलं शिवलिंग, आणि भोवती चार खांब. त्यांतले तीन तुटले. एकच उभा आहे. लोक सांगतात, हे खांब म्हणजे चार युगं. तीन सरली, चौथा खांब पडेल तेव्हा कलियुग संपेल.

ही कथा हसण्यावारी नेऊ नका. दगडाचंही आयुष्य हळूहळू सरतं, एवढी खूण तिच्यात आहे. ते सरतं कसं, हे मात्र माणसाला फार उशिरा कळलं.

१९२१ साली ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने दाखवलं, की काच हिशेबापेक्षा फार कमी ताणाला तुटते. कारण तिच्यात बारीक चिरा असतात आणि ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो. १९६७ साली अमेरिकेत वीडरहॉर्न यांचे काचेवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. ताण तोच ठेवून हवेतला दमटपणा वाढवला, तर चीर अधिक वेगाने सरकली. पुढे दगडातही हेच आढळलं.

आता आपला काळा पाषाण घ्या. काचेसारखीच त्याचीही बांधणी मुख्यतः सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या कड्यांची. चिरेच्या टोकाशी या कड्या ताणलेल्या असतात. पाण्याचा कण तिथे शिरून एक कडी सोडवतो, मग पुढची. म्हणून जे ओझं कोरडा दगड वर्षानुवर्षं पेलतो, त्याच ओझ्याखाली ओला दगड लवकर तडकतो. शेवटी एके दिवशी कडकन आवाज होतो, आणि आपण त्या एका दिवसाला बोल लावतो!

केदारेश्वराचे खांब पाण्यानेच तोडले, असा निवाडा मी करीत नाही. भूकंप, धक्का, माणसाचा हात, दगडाचे वैरी पुष्कळ. पण पाणी त्यांचं काम सोपं करून ठेवतं.

गुरुजींनो, शाळेच्या दगडी भिंतीला चीर दिसली, तर तिच्या टोकाशी तैलरंगाने आडवी रेघ मारा, तारीख घाला. पावसाळा सरल्यावर मुलांना घेऊन पाहा. चीर रेघेपलीकडे गेली असेल, तर मुलांना भिंतीपासून दूर ठेवा, मुरणाऱ्या पाण्याला वाट काढून द्या आणि जाणत्या इंजिनियराला बोलवा. गडावरच्या खांबावर मात्र रेघ नको, खिळा नको, नाव कोरणं तर नकोच. त्याला आधीच पुष्कळ सोसायचं आहे.