खूण होईपर्यंत

संध्याकाळचे सात वाजलेत. अंबरनाथ पूर्वेला, पत्र्याच्या शेडमधल्या व्यायामशाळेच्या दारात तुम्ही उभे आहात. मुलाला घरी न्यायला आलात आणि थबकलात, कारण त्यानं नुकताच 60 किलोचा बार डोक्यावर नेलाय. हात ताठ, पाय एका रेषेत, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. तुमच्या तोंडून "शाब्बास" निघतं न निघतं तोच तो बार सोडून देतो. रबरी प्लेटा फळ्यांवर दोनदा उसळतात.

"बाद," सर म्हणतात.

"सर, वर गेला होता ना!"

"गेला होता. पण मी खूण केली होती का? पंचांची खूण होईपर्यंत बार सोडायचा नाही. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात."

मुलगा तळहाताची पांढरी पूड हाफपँटीला पुसत तोंड पाडून बसतो. सर तुमच्याकडे वळतात. "बसा दोन मिनिटं. एक दाखवतो." ते मोबाइल पुढे करतात. स्क्रीन लहान, उजेड कमी. तुम्ही वाकून बघता, आणखी वाकता, आणि सावरता तेव्हा पायाखाली अंबरनाथची शहाबादी फरशी नसते.

ऑगस्ट 2004. अथेन्सच्या निकेया भागातला वेटलिफ्टिंगचा हॉल खच्चून भरलाय. फळ्यांवर उभा असलेला गडी पिरोस दिमास. वय 32. आल्बानियातल्या हिमारा गावी ग्रीक घरात जन्मला, 1991 साली ग्रीसमध्ये आला आणि पुढच्याच वर्षी बार्सिलोनात सुवर्णपदक घेऊन मोकळा झाला. मग अटलांटाला दुसरं, सिडनीला तिसरं. सिडनीत तिघांची बेरीज सारखीच, 390 किलो. तिघांत अंगानं हलका दिमास, म्हणून सुवर्ण त्याचं. इथल्या उद्घाटनाला देशाचा झेंडाही त्याच्याच हाती होता. पण आज अंगभर दुखापती आहेत. बेरीज 377.5 किलोवर थांबते. कांस्य.

तो खाली बसतो. बुटांचे बंद सोडतो. दोन्ही बूट फळ्यांवर शेजारी शेजारी ठेवतो आणि तसाच निघतो. हॉल उभा राहतो. तुमच्या शेजारचा मिशाळ म्हातारा टाळ्या वाजवता वाजवता डोळे पुसतोय.

"ही खूण," सर तुमच्या कानाशी म्हणतात. ते कधी आले, कळलं नाही. "बारा वर्षं उचललंस बाबा, आता खाली ठेव, असं अख्ख्या देशानं त्याला सांगितलं. पुढे हाच माणूस तिकडच्या फेडरेशनचा अध्यक्ष झाला, खासदार झाला, अमेरिकेच्या लिफ्टरांचा तांत्रिक संचालक झाला. आता आपल्या गड्याला बघायचंय? तो पैलवान होता. वजनंही उचलायचा, पण नाव काढलं कुस्तीत. त्यासाठी बदलापूरला यावं लागेल."

"बदलापूरलाच का?"

"जुन्या वाटेवर तिथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं म्हातारी माणसं सांगतात. आपण साल बदलू."

बदलापूरच्या फलाटावर लोकलची गर्दी विरते, पंखे जातात, इंडिकेटर जातो. 1952 चा उन्हाळा. मागे कल्याणच्या बाजूला लष्करी छावणीच्या लांबच लांब बराकी आहेत. 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि त्या छावणीचं उल्हासनगर झालं. सिंधमधून आलेली कुटुंबं एकेका बराकीत गोणपाटाचे आडोसे करून राहतायत. अंबरनाथला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना. बाकी भातखाचरं. मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी याच रुळांवरून जाते, कर्जत सोडून घाट चढते. तुम्ही तिच्यात बसता. पुण्याला गाडी बदलायची. मिरजेकडची गाडी मीटर गेजवरची, डबे अरुंद, गुडघ्याला गुडघा लागतो.

कोल्हापूर. पहाटेची तालीम. आधी वास येतो: लाल मातीत मुरलेलं ताक, तेल, हळद. हौद्यात दोन गडी भिडलेत. त्यांतला एक उंचीनं बेताचा. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तो समोरच्याची मान आपल्या काखेत घेतो, कंबर आत घालतो आणि त्याला कमरेवरून असा उलथतो की माती तुमच्या पायापर्यंत उडते. ढाक.

हे खाशाबा दादासाहेब जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म 15 जानेवारी 1926. वडील पैलवान, पाच भावांत हे धाकटे. 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं लंडन ऑलिंपिकला गेले. तिथे माती नव्हतीच, मॅट होती. मातीत पाय रुततो, घामेजलेल्या अंगाला माती लावली की पकड बसते. मॅटवर पायाला हवी तशी माती नाही, हाताला हवी तशी पकड नाही, आणि नियम सगळे परके. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन कुस्तीगिरानं त्यांना तिथे शिकवलं. 52 किलो गटात सहावे आले. परतले ते चार वर्षांची जोर-बैठकांची बेगमी मनात घेऊनच.

आता हेलसिंकी. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत कलकत्त्याच्या निरंजन दासविरुद्ध निकाल गेला तेव्हा खाशाबांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लागली, त्यांनी दासला चितपट केलं. जागा मिळाली. पैसे नाहीत.

तुम्ही राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांच्या दारात उभे आहात. सरकारदरबारच्या विनवण्या करून झाल्यात, हाती फारसं लागलेलं नाही. गोळेश्वरात आणि कऱ्हाडात दारोदार वर्गणी फिरतेय. कुणी रुपया टाकतो, कुणी शिदोरीचं सामान देतो. तरी बेरीज जमत नाही. आत टेबलावर एक कागद आहे. प्राचार्य खर्डेकर त्यावर सही करतात. राहतं घर गहाण, 7000 रुपयांना. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणासाठी घर गहाण टाकणारे बाप तुम्ही पाहिलेत. हा माणूस दुसऱ्याच्या मुलाच्या कुस्तीसाठी सही करतोय, आणि शाई वाळायला कागद फुंकतोय.

बार उचलणारा एकटाच दिसतो, पण त्याला बारपर्यंत पोचवणारे हात असे असतात.

जुलै 1952, हेलसिंकी. मेसुहाल्लीचा प्रचंड हॉल. तुम्ही मॅटच्या कडेला दाटीवाटीनं बसलात. 57 किलो गट. कॅनडाचा आद्रियाँ पोलिकॅं समोर येतो. अखेर त्याची पाठ मॅटला टेकते. मग मेक्सिकोचा बासुर्तो जातो, जर्मनीचा श्मिट्झ जातो. प्रेक्षकांत भारतीय चेहरा शोधायचा म्हटला तर मान दुखते. पण ढाक बसली की न कळणारेही ओरडतात.

मग दोन डोंगर: जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव. एक लढत लांबत लांबत संपते. खाशाबा कडेला येतात, छाती भात्यासारखी हलतेय, आणि लगेच पुढच्या लढतीसाठी नाव पुकारलं जातं. समोर मामेदबेयोव. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची, असा नियम आहे. तो नियम बोट ठेवून दाखवायला त्यांच्या बाजूचा अधिकारी तिथे नाही. तुम्ही उठता. ओरडून सांगावंसं वाटतं. पण इथे तुम्हाला आवाज नाही, तुम्ही फक्त बघायला आलात. खाशाबा टॉवेल टाकतात आणि मॅटवर जातात.

हरतात. इशीला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख 23 जुलै. स्वतंत्र भारताच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरचेच केशव माणगावे वरच्या वजन गटात चौथे येतात, पदकाच्या उंबरठ्यावरून परततात. कोल्हापूरच्या तालमीतल्या मातीत तयार झालेले दोघे एकाच ऑलिंपिकमध्ये एवढ्या वर गेले, हे घरी परतताना तुम्हाला कुणाला तरी सांगायचं असतं.

कऱ्हाड स्टेशन, म्हणजे ओगलेवाडी. प्रभाकर कंदिलाच्या काचा जिथे बनतात तेच गाव. आज कारखान्याकडे कुणाचं लक्ष नाही. स्टेशनबाहेर बैलगाड्याच बैलगाड्या. शंभर मोजता आणि मग नाद सोडता. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, पुढे लेझीम, ढोल. स्टेशनपासून गोळेश्वरच्या महादेवापर्यंतची वाट एरवी पंधरा मिनिटांची. आज सात तास लागतात. तुमच्या शेजारी उभी असलेली म्हातारी विचारते, "कंचं मेडल म्हनायचं?" कुणीतरी सांगतं, "तिसरं." ती म्हणते, "जगात? मग पयलंच की."

खाशाबा हसतायत, पण त्यांच्या डोक्यात एक कागद आहे. हारतुरे सुकायच्या आत ते कुस्त्यांचं मैदान भरवतात, स्वतः लढतात, जिंकतात आणि आलेले पैसे खर्डेकरांना नेऊन देतात. घर सुटतं.

सर तुमच्या दंडाला धरतात. "इथवरचं सगळ्यांना माहीत असतं. चला पुढे."

1955. खाशाबा पोलीस उपनिरीक्षक झालेत. पुढच्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी सुरू आहे. सरावात गुडघा दुखावतो आणि 1956 चा संघ त्यांच्याशिवाय जातो. असं होणार हे आधी कुणाला माहीत असतं? म्हणून बूट काढून मॅटच्या मधोमध ठेवायचा प्रसंगच येत नाही. एका सकाळी गुडघा सुजलेला असतो, एवढंच.

पुढची 27 वर्षं खाकीत जातात. पोलिसांच्या स्पर्धा जिंकतात, पोरांना डाव शिकवतात. सलामी देतात आणि घेतात. बढती हळूहळू येते, सहायक पोलीस आयुक्तपद निवृत्तीच्या तोंडावर. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना जागा मिळते. मग निवृत्ती आणि निवृत्तिवेतनासाठीची लढत. हिच्यात ढाक चालत नाही. समोर कुणी गडीच नसतो, नुसती फाइल असते. तुम्ही कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर त्यांच्यापासून दोन हातांवर बसलात. मनगटं अजून जाड आहेत. मांडीवर कागदांची पिशवी. शिपाई त्यांना नावानं ओळखत नाही.

14 ऑगस्ट 1984. रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा जातात. उद्या स्वातंत्र्यदिन. 1947 च्या त्या दिवशी, ऑलिंपिकमध्ये तिरंगा फडकवायचा, असं एकवीस वर्षांच्या मुलानं ठरवलं होतं.

"आता वेगानं जाऊ," सर म्हणतात, आणि सालं रुळांसारखी मागे पळतात. 1996, अटलांटा: दिमास एकूण 392.5 किलो उचलून जागतिक विक्रम करतो आणि त्याच खेळांत लिएंडर पेस कांस्य घेतो. स्वतंत्र भारताचं दुसरं वैयक्तिक पदक, खाशाबांनंतर 44 वर्षांनी. 2000, सिडनी: कर्णम मल्लेश्वरी 240 किलोंच्या बेरजेवर कांस्य घेते, ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. 2001: खाशाबांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार. 2010: दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव. आणि त्यांचा वाढदिवस, 15 जानेवारी, महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन ठरतो.

"झाली की खूण," तुम्ही म्हणता.

सर बराच वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, "झाली. पण बार धरणारे हात अर्जुन पुरस्काराच्याही सतरा वर्षं आधीच गेले होते."

बदलापूरचा फलाट पुन्हा भरतो. इंडिकेटरवर आकडे लागतात, मुंबईकडची जलद लोकल चार मिनिटांत. तुम्ही अंबरनाथला उतरता, पूर्वेला येता, पत्र्याच्या शेडच्या दारात उभे राहता. घड्याळात अजून सातच वाजलेत. मुलगा तोंड पाडून बसलाय, हाफपँटीवर पांढरे पंजे उमटलेत.

"ऊठ," सर त्याला म्हणतात. "पुन्हा."

तो पूड लावतो. वाकतो. बार गुडघ्यापर्यंत, मग खांद्यावर. एक श्वास. पाय फाकून एक झटका आणि 60 किलो डोक्यावर. पाय जवळ येतात. कोपर थरथरतंय, पण सरळ आहे.

सर खूण करत नाहीत.

मुलगा समोरच्या भिंतीवर नजर रोवतो. कपाळावरून घामाचा थेंब भुवईत अडकतो. त्याला बघता बघता तुमच्याही दंडात काहीतरी ताठरतं. रेल्वेरुळांकडून गाडीचा भोंगा येतो. तुम्हाला वाटतं, आता बास, सोडू दे पोराला.

"खाली," सर म्हणतात आणि हात झपकन खाली घेतात.

बार पडतो. या वेळी प्लेटा उसळताना मुलगा त्यांच्याकडे बघतही नाही. तो सरांकडे बघतोय.