एका ट्रकपासून रात्रीच्या बसपर्यंत : ‘विजयानंद’ची वाटचाल

मुंबई-पुण्याहून बेळगाव, हुबळी, बंगळूरकडे रात्री निघणाऱ्या खासगी गाड्यांमध्ये ‘व्हीआरएल’ ही तीन अक्षरे प्रवाशांच्या चांगल्या परिचयाची आहेत. उत्तर कर्नाटकातील संकेश्वर कुटुंबाने उभारलेल्या या उद्योगाची सुरुवात १९७६ मध्ये एका ट्रकने झाली. प्रवासी वाहतूक त्यात आली ती तब्बल वीस वर्षांनी, १९९६ मध्ये. बसव्यवसायाआधी मालवाहतुकीचे भक्कम जाळे तयार असणे, हे या कंपनीच्या वाढीचे मुख्य वैशिष्ट्य आहे. पुढे भांडवली बाजारात उतरलेल्या कंपनीतून हाच बसव्यवसाय बाहेर काढून संकेश्वर कुटुंबाने तो स्वतःकडे घेतला. देशातील खासगी बसव्यवसायाचे बळ आणि त्याच्या मर्यादा या दोन्हींचे दर्शन या वाटचालीत घडते.

छापखान्यातून रस्त्यावर

विजय संकेश्वर यांचा जन्म १९५० चा. गदग येथे त्यांच्या वडिलांचा छपाई व पुस्तक प्रकाशनाचा व्यवसाय होता. त्या स्थिरस्थावर व्यवसायातच राहण्याऐवजी विजय यांनी १९७६ मध्ये ट्रक घेऊन मालवाहतूक सुरू केली. पुढे त्यांनी हुबळी हे आपले केंद्र केले. मुंबई, पुणे, बंगळूर आणि गोवा या चारही दिशांना जोडलेले हे व्यापारी शहर वाहतूकदाराला सोयीचे होते. १९८३ मध्ये ‘विजयानंद रोडलाइन्स’ ही खासगी मर्यादित कंपनी स्थापन झाली. पिता विजय आणि पुत्र आनंद या दोघांचीही नावे या एका शब्दात आहेत. २००६ मध्ये कंपनीचे नाव ‘व्हीआरएल लॉजिस्टिक्स’ असे झाले.

कंपनीने भर दिला तो पार्सल वाहतुकीवर. एकाच व्यापाऱ्याच्या मालाने ट्रक भरण्याऐवजी अनेकांचे छोटे-छोटे नग गोळा करायचे, मोठ्या केंद्रात त्यांची गावनिहाय विभागणी करायची आणि ते पुढे पाठवायचे, अशी ही पद्धत. तिला गावोगावी शाखा, गोदामे आणि हिशेबाची काटेकोर व्यवस्था लागते. ही व्यवस्था उभी करण्यास वेळ लागतो; परंतु एकदा ती उभी राहिली की नव्या स्पर्धकाला तिची बरोबरी करणे कठीण जाते.

बसव्यवसायात प्रवेश

स्वातंत्र्यानंतर बहुतेक राज्यांनी प्रवासी वाहतूक सरकारी महामंडळांकडे सोपवली. महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. कर्नाटकातही महामंडळाचे जाळे विस्तारले आणि १९९७ मध्ये वायव्य कर्नाटकासाठी हुबळी येथे मुख्यालय असलेले स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. खासगी उद्योजकाला मोकळीक मिळाली ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने. १९८९ पासून अमलात आलेल्या या कायद्याने परवान्यांचे धोरण बरेच सैल केले.

विजयानंदच्या बसगाड्या १९९६ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा चालकांची भरती, दुरुस्ती, टायर आणि इंधनाची खरेदी यांची घडी ट्रकच्या व्यवसायामुळे आधीच बसलेली होती. हुबळीजवळ वरूर येथे, महामार्गालगत कंपनीने स्वतःची मोठी कार्यशाळा उभारली. बसमालकाचे खरे नुकसान गाडी गॅरेजमध्ये उभी राहते त्या रात्री होते. कर्जाचा हप्ता, कर आणि विमा गाडी उभी असली तरी चुकत नाही. दुरुस्ती हातची असणे, हे म्हणूनच या धंद्यातील मोठे भांडवल ठरते. एक-दोन गाड्यांच्या मालकाला ते परवडत नाही.

महामार्ग, व्होल्वो आणि संगणक

पुढील दशकात तीन गोष्टी अनुकूल घडल्या. सुवर्ण चतुष्कोन योजनेत मुंबई-चेन्नई मार्ग चौपदरी झाला. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर ही साखळी याच मार्गावर आहे. पुणे ते बंगळूर हे सुमारे ८४० किलोमीटरचे अंतर एका रात्रीच्या आवाक्यात आले. २००१ मध्ये व्होल्वो कंपनीच्या बस भारतात दाखल झाल्या. मागे बसवलेले इंजिन आणि हवेवरील सस्पेन्शन यांमुळे लांबचा प्रवास सुसह्य झाला व प्रवासी जादा भाडे देण्यास तयार झाले. तिसरी गोष्ट म्हणजे तिकीटविक्रीचे बदललेले तंत्र. २००६ मध्ये बंगळुरात सुरू झालेल्या ‘रेडबस’सारख्या संकेतस्थळांमुळे एजंटाच्या वहीतील आसनांचा तक्ता थेट प्रवाशाच्या संगणकावर आला. ज्यांच्याकडे अधिक गाड्या आणि ठरलेले वेळापत्रक होते, त्यांना याचा अधिक लाभ झाला.

विजयानंदने बंगळूर-जोधपूर अशी सुमारे दोन हजार किलोमीटरची सेवाही चालवली. दक्षिणेत व्यापारासाठी स्थायिक झालेल्या राजस्थानी कुटुंबांची ये-जा हा अशा मार्गांचा आधार असतो. मुंबई-पुण्यातील कन्नड भाषक आणि बंगळुरात नोकरी करणारे मराठी तरुण यांचेही तसेच आहे. गावची ओढ आणि जोडून आलेली सुट्टी यांवर रात्रीची बस भरते.

शेअर बाजार आणि माघार

एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने समभागांची प्राथमिक विक्री केली. १९५ ते २०५ रुपये या किंमतपट्ट्यातील या विक्रीला मागणीच्या कित्येक पट प्रतिसाद मिळाला. त्या सुमारास कंपनीच्या उत्पन्नात बसचा वाटा साधारण एक पंचमांश होता. मोठा हिस्सा मालवाहतुकीचाच होता.

या दोन व्यवसायांचा स्वभाव मात्र भिन्न आहे. पार्सल वाहतुकीत ग्राहक विखुरलेले असतात आणि इंधन महागले तर दर वाढवता येतात. बसचे उत्पन्न दिवाळी, उन्हाळी सुट्टी आणि लग्नसराईत फुगते व पावसाळ्यात ओसरते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि बसगाड्या जागेवर थांबल्या. दर तिमाहीला नफ्याचा हिशेब मागणाऱ्या भागधारकांना हे चढउतार रुचत नाहीत. मालवाहतूक या मुख्य व्यवसायावर लक्ष एकवटण्यासाठी २०२२ मध्ये संचालक मंडळाने बसव्यवसाय प्रवर्तक कुटुंबाच्याच ‘विजयानंद ट्रॅव्हल्स’ या कंपनीला सुमारे २३० कोटी रुपयांना विकण्याचा निर्णय घेतला. ट्रक भागधारकांच्या कंपनीत राहिले. बस कुटुंबाकडे परतली. वाईट हंगाम सोसून चांगल्याची वाट पाहण्याची मुभा कौटुंबिक मालकीत अधिक असते, हे यामागील व्यावहारिक सत्य आहे.

परवाना आणि प्रवासी

कंपनी मोठी असो वा लहान, खासगी आंतरशहर बसव्यवसायाचा कायदेशीर पाया आजही नाजूक आहे. वाटेत प्रवासी चढवणे-उतरवणे आणि प्रत्येकाला स्वतंत्र तिकीट देणे हा ‘टप्पा वाहतुकी’चा अधिकार असून, तो मुख्यतः महामंडळांकडे आहे. खासगी गाड्यांना बहुधा कंत्राटी अथवा पर्यटक परवाना मिळतो. त्यानुसार संपूर्ण गाडी एका करारावर जावी, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात आसनागणिक तिकिटे विकली जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. २०२१ आणि २०२३ च्या अखिल भारतीय पर्यटक वाहन नियमांनी परवाना व शुल्काची पद्धत सुलभ केली. पण मूळ विसंगती तशीच राहिली.

याची झळ शेवटी प्रवाशाला बसते. सुट्टीच्या दिवसांत भाडे दुप्पट-तिप्पट होते. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये खासगी भाड्याला एसटी भाड्याच्या दीडपट अशी कमाल मर्यादा घातली. तरी गर्दीच्या हंगामात तक्रारी येतच राहतात. सुरक्षिततेचा प्रश्न तर त्याहून गंभीर आहे. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी आंध्र प्रदेशात पालेमजवळ बंगळूर-हैदराबाद आरामबस पेटून ४५ जणांचा मृत्यू झाला. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर बुलडाणा जिल्ह्यात नागपूरहून पुण्याकडे जाणारी शयनयान बस उलटून पेटली व २५ जण दगावले. या गाड्या निरनिराळ्या मालकांच्या होत्या. मात्र रात्रीचा वेग, चालकाची विश्रांती आणि संकटकाळी बाहेर पडण्याची वाट हे प्रश्न साऱ्या व्यवसायाला सारखेच लागू आहेत.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे-हुबळी वंदे भारत रेल्वे सुरू झाल्याने याच मार्गावर नवा पर्यायही आला. यापुढे या व्यवसायात टिकाव लागेल तो गाड्यांच्या संख्येपेक्षा देखभालीची शिस्त राखणाऱ्यांचा. त्या शिस्तीला परवान्याच्या स्पष्ट चौकटीची जोड देणे, हे शासनाचे काम आहे.