सूत्रधाराने आधी काय सांगावं?

फॅन फिक्शन म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी पात्रं घेऊन आपली गोष्ट लिहिणं. मूळ गोष्ट इतकी आवडलेली असते की ती संपली हे मनाला पटत नाही. मग वाचकच लिहायला बसतो. शब्द इंग्रजी असल्यामुळे हे खूळ बाहेरून आलंय असं वाटतं. पण मी साताऱ्याचा, इंजिनियरिंगची चार वर्षं सांगलीत काढलेली. सांगलीत राहून एक गोष्ट कानावर आली नाही असं होतच नाही : मराठी नाटक इथे सुरू झालं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. त्यांनी नवी पात्रं घडवली नाहीत. सगळ्यांना पाठ असलेली राम-सीता घेतली आणि आपल्या पद्धतीने पुन्हा उभी केली. दर वर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करताना आपण खरं तर एका उसन्या पात्रांच्या गोष्टीचा वाढदिवस साजरा करतो.

आज अशा गोष्टी लिहिणाऱ्यांमध्ये एक वाद सतत चालू असतो. गोष्टीत हिंसा असेल, लैंगिक अत्याचार असेल, तर वाचकाला ते सुरुवातीलाच सांगावं का? एक बाजू म्हणते, सांगावंच. वाचकाला अंधारात ढकलण्यात कसलं आलंय धाडस? दुसरी बाजू म्हणते, आधीच सांगितलं की गोष्टीचा जीव जातो, आणि आज सूचना आली की उद्या तिच्या मागून सेन्सॉर येतो. दोन्ही बाजूंच्या शंकांना सांगली-साताऱ्याच्या माणसांनी आपापल्या काळात उत्तरं देऊन ठेवलेली आहेत, असं मला वाटतं.

मला यात रस असण्याचं कारण साधं आहे. गेलं वर्षभर मी विराटाच्या राजवाड्यात सैरंध्री म्हणून राहणाऱ्या द्रौपदीवर एक लांबलचक गोष्ट लिहितोय. चार-पाच मित्रमैत्रिणी ती वाचतात. त्यातल्या एका मैत्रिणीने पहिलं पान उघडण्याआधीच विचारलं, ''यात नेमकं काय काय आहे ते आधी सांग, मग मी ठरवते.'' का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी सांगितलं. तिने तिसरं प्रकरण वगळून बाकी सगळी गोष्ट वाचली आणि शेवटावरून माझ्याशी तासभर भांडली. शेवट अजून तोच आहे, पण तिचे दोन मुद्दे मला अजून खोडता आलेले नाहीत.

आता पहिली शंका : आधी सांगितल्याने गोष्ट मरते का?

भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पद्यातून आख्यान सांगायचा. विदूषक त्याला अडवून प्रश्न विचारायचा, गणपती-सरस्वती येऊन जायचे, आणि मग देव-राक्षस आपली भाषणं बरीचशी आयत्या वेळी करायचे. राक्षसांच्या आरडाओरड्यावरून या नाटकांना पुढे 'अलल्डुर्र' असं चेष्टेचं नाव पडलं. म्हणजे हाणामारी भरपूर होती. पण आज कोणतं आख्यान, त्यात कोण मरणार, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि तरीही लोक बसायचे.

त्याहून पक्का पुरावा सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या नाटकाचं नाव होतं 'कीचकवध'. कोण मरणार हे नावातच सांगितलंय! हल्लीच्या भाषेत हा सरळसरळ स्पॉयलर. पण प्रेक्षागृहातला ताण त्यामुळे तसूभरही कमी झाला नाही. कारण प्रेक्षक कीचक मरतो का हे बघायला आलेच नव्हते. धर्मराज किती वेळ सबुरीचं सांगत राहणार आणि भीम कधी उठणार, हे बघायला ते आले होते. गोष्टीचा जीव घटनेत कमी आणि तिच्याकडे नेणाऱ्या वाटेत जास्त असतो. सूचना घटना सांगते. वाट तिला सांगताच येत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग सूचना हवीच कशाला? महाभारतावरची गोष्ट आहे म्हटल्यावर वाचकाला सगळं माहीतच असणार की. इथे मला वि. स. खांडेकर आठवतात. जन्म सांगलीचा, १८९८ चा. त्यांची 'ययाति' १९५९ साली आली आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मराठीत पहिल्यांदा आणून गेली. महाभारतातल्या एका उपाख्यानातली माणसं घेऊन खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आपापल्या तोंडून बोलायला लावलं. मूळ कथा पाठ असलेला वाचकही इथे अनोळखी प्रदेशात शिरतो. दासी झालेल्या राजकन्येचं दुःख दुरून कळणं वेगळं आणि तिच्याच तोंडून ऐकणं वेगळं.

उसन्या पात्रांच्या गोष्टीत ही अडचण नेहमीची आहे. पात्र ओळखीचं असतं म्हणून वाचक निर्धास्त असतो. लहानपणापासून ज्याच्यावर जीव लावला त्या नायकाच्या हातून नवा लेखक काय करवून घेईल, याचा त्याला अंदाज नसतो. अनोळखी घरात माणूस जपून पाऊल टाकतो, ओळखीच्या घरात दिवा न लावता चालतो. म्हणून सूचनेची गरज अशा लेखनात इतर लेखनापेक्षा जास्त आहे, कमी नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर : सूचनेच्या मागून सेन्सॉर येतो का?

'कीचकवध' मध्ये एक गोष्ट आधी सांगितलेली नव्हती, ती म्हणजे कीचक कोण. लोकांनी ओळखलं : लॉर्ड कर्झन. धर्मराज म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, आणि भर दरबारात अपमान सोसणारी द्रौपदी म्हणजे देश. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. समजा, त्या काळी प्रत्येक नाटकाच्या जाहिरातीत आतला मजकूर जाहीर करायचा नियम असता. 'यात स्त्रीची विटंबना आणि खून आहे' एवढं लिहून खाडिलकरांचं काहीही बिघडलं नसतं. 'यात व्हाइसरॉयवर टीका आहे' असं लिहावं लागलं असतं, तर नाटक पहिल्या प्रयोगापर्यंतही पोचलं नसतं. इजा होईल असा प्रसंग आणि लेखकाचं मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूचना पहिल्याची द्यायची, दुसऱ्याची नाही.

आणि मग १९७० सालचं 'गिधाडे'. विजय तेंडुलकरांचं नाटक, दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागू. लागूंचा जन्म साताऱ्याचा, १९२७ चा. नाटकात भावांच्या लाथेने गरोदर बहिणीचा गर्भपात होतो, आणि तिच्या साडीवर रक्ताचा लाल डाग दिसतो. परिनिरीक्षण मंडळाने त्या डागाला हरकत घेतली. डाग निळा झाला. मग प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगण्यात येऊ लागलं की मंडळाच्या सांगण्यावरून आम्ही डाग निळा दाखवतोय, तुम्ही तो लाल समजा.

ही घोषणा प्रेक्षकाला जपण्यासाठी नव्हती, निषेध म्हणून होती, हे उघड आहे. पण तिने काय घडलं ते पाहा. मंडळाचंही म्हणणं प्रेक्षकाच्या भल्याचंच असणार. फक्त त्यांनी प्रेक्षकाला न विचारता रंग बदलला. घोषणेने निर्णय परत प्रेक्षकाच्या हातात दिला. रक्त येणार आहे हे त्याला कळलं, आणि ते लाल बघायचं की निळं हेही त्यानेच ठरवायचं होतं. सेन्सॉर आणि सूचना एकाच घराण्यातल्या नाहीत, हे याहून नेमकं मला कुठे दिसलेलं नाही. सेन्सॉर लेखकाशी बोलतो, सूचना वाचकाशी.

'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हा फॅन फिक्शनचा मोठा संग्रह २००९ मध्ये खुला झाला. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथे लेखकापुढे चार ठरलेल्या सूचना असतात : रक्तपाताचं तपशीलवार चित्रण, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार, आणि अल्पवयीनांचे लैंगिक संबंध. चारही प्रसंगांबद्दल आहेत, मतांबद्दल एकही नाही. याशिवाय दोन पर्याय आहेत : 'यातलं काही लागू नाही' आणि 'लेखकाने सूचना न देण्याचं ठरवलं आहे'. माझ्यातल्या इंजिनियरला हे फार आवडतं. डेटाबेसमध्ये 'फॉल्स' आणि 'नल' यांत फरक असतो : एकाचा अर्थ 'नाही', दुसऱ्याचा 'सांगितलेलं नाही'. तो फरक पुसला की प्रोग्रॅम चुकीची उत्तरं देतो. इथे लेखकाला गप्प राहण्याचा हक्क आहे, पण मी गप्प आहे हे त्याने कळवायचं. मग अंधारात शिरणारा वाचक जाणूनबुजून शिरतो.

धोका संपलाय असं नाही. गोष्टीला लावलेला टॅग वाचकाच्या हातात गाळणी असतो आणि मालकाच्या हातात कात्री. कोड दोन्हीकडे तेच. उद्या कुणी या यादीत 'भावना दुखावणारं' असा पाचवा रकाना घातला, तर खाडिलकरांची गोष्ट पुन्हा १९१० मध्ये जाऊन पडेल. म्हणून यादी छोटी हवी, ती लेखकाने स्वतः भरलेली हवी, आणि तिच्या आधारे गोष्ट उघडायची की मिटायची हे ठरवणारा माणूस फक्त वाचक हवा.

माझ्या सैरंध्रीच्या गोष्टीवर आता एक ओळ आहे : तिसऱ्या प्रकरणात कीचक तिच्यावर हात टाकतो, सातव्यात तो मरतो. तो मरतो हे तर व्यासांनीच सांगून ठेवलंय. मधली तीन प्रकरणं द्रौपदी काय विचार करत होती, ते त्या ओळीत नाही. ज्याला ते हवं असेल, त्याला गोष्टच वाचावी लागेल.