वर निखारा, खाली निखारा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखादी पाककृती लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी लगेच होकार दिला. गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या पाकवर्गात मी सप्ताळूचा, म्हणजे बाजारात ज्याला सर्रास पीच म्हणतात त्या फळाचा, एक सोपा भाजलेला गोड पदार्थ करून दाखविला होता. तोच उतरवून काढावा, अर्ध्या पानाचे काम आहे, असा माझा हिशेब होता. परंतु लिहायला बसले आणि त्या दिवशीची फजिती आठवली. मग नुसती पाककृती लिहून मोकळे होणे मनाला पटेना.

फजिती अशी झाली. वर्गाला तीसएक भगिनी जमल्या होत्या. भांडे ओव्हनमध्ये ठेवले आणि बोलण्याच्या नादात वरची तार प्रमाणाबाहेर तापत राहिली. भांडे बाहेर काढले तो वरचा थर कोळशासारखा काळा आणि आतले पीठ कच्चे. मी ओशाळून गेले. तेव्हा दाराजवळ बसलेल्या रत्नागिरीकडच्या एक आजी उठून आल्या, भांड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "बाय, वरचा विस्तव जास्त झाला गो. खालचा वाढव नि वरचा उतरव." वर्ग सुरू होताना याच आजींना आम्ही पुढे बोलाविले होते, तर "आम्हाला कुठं येतंय तुमचं ओव्हनचं" असे म्हणून त्या मागेच बसल्या होत्या. दुसरे भांडे त्यांच्या सांगण्याप्रमाणे लावले, ते उत्तम उतरले. मी म्हटले, "आजी, ओव्हन येत नाही म्हणालात ना?" त्या म्हणाल्या, "ओव्हन नाही येत. धोंडस येतं."

घरी परतताना मला राहून राहून वाटत होते की, ज्या पदार्थाला आपण परका, साहेबी, शिकून घ्यायचा पदार्थ समजतो, त्याची विद्या आपल्याच घरात होती आणि आपण तिला विद्या म्हणत नव्हतो. म्हणून या लेखात आधी हकिकत देते व पाककृती शेवटी देते.

कोकणातल्या भगिनींना धोंडस सांगायला नको, पण आपल्या मंडळात नाना प्रांतीच्या भगिनी आहेत, त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्याअखेर वेलावर जून झालेली मोठी काकडी, म्हणजे तवसे, किसून घ्यायचे. त्यात गूळ, भाजलेला तांदळाचा रवा, ओले खोबरे घालून शिजवायचे. मग ते मिश्रण जाड बुडाच्या भांड्यात थापून चुलीतल्या मंद विस्तवावर ठेवायचे, वर झाकण घालायचे आणि त्या झाकणावर निखारे पसरायचे. करवंटीचे निखारे त्याला फार चांगले, कारण ते एकसारखे धगधगतात. खालून आणि वरून अशी दोन्ही बाजूंनी आच लागली की धोंडस फुलते आणि दोन्हीकडून खरपूस होते. गोव्याकडे याच जातीची तवसळी करतात. गोव्याची बिबिंका तर थरावर थर घालून वरच्या आचेवरच भाजली जाते. आपल्या शेजारच्या ईस्ट इंडियन भगिनींचे थाळी स्वीट, रवा, नारळ नि अंडी घातलेले, तेही भाजून होणारेच. हा समाज मूळचा इथलाच आणि मराठी बोलणारा. ईस्ट इंडियन हे नाव मात्र त्यांनी 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतले. पोर्तुगीज अमलात पाव हा शब्दही आला आणि भट्टीही आली, हे खरे. पण तवशाचे धोंडस करणाऱ्या बाईला भट्टीची गरज नव्हती. तिने झाकणावर विस्तव ठेवून आपल्या पातेल्याचीच भट्टी केली होती.

आता सप्ताळूची हकिकत ऐका. या फळाचा जन्म चीन देशातला. आपल्या देशात ते कसे आले याची एक कथा ह्युएनत्संग या चिनी प्रवाशाने सातव्या शतकात नोंदवून ठेवली आहे. कनिष्क राजाच्या वेळी चीनकडचे काही राजपुत्र ओलीस म्हणून पंजाबात ठेवले होते, त्यांनी नाशपाती आणि सप्ताळू ही दोन फळे इकडे आणली; म्हणून नाशपातीला चीनराजपुत्र आणि सप्ताळूला चीनानी म्हणतात, असे तो लिहितो. दुसरी वाट पश्चिमेची. चीनमधून हे फळ इराणात गेले आणि तिथून युरोपात पोहोचले. रोमन लोकांना वाटले ते इराणचेच, म्हणून त्यांनी त्याला पर्शियाचे फळ म्हटले. पीच हा शब्द त्या पर्शियाचाच झिजलेला अवशेष आहे, आणि प्रूनस पर्सिका या शास्त्रीय नावात तो गैरसमज अजून कायम आहे. आपला सप्ताळू हा शब्द फारसीतल्या शफ्तालूवरून आला. आलुबुखारमधला आलू तो हाच. उत्तरेकडच्या भगिनी त्याला आडू म्हणतात.

आपल्याकडे त्याची बाग होत नाही याचे कारण हवा. सप्ताळूच्या झाडाला हिवाळ्यात, जातीप्रमाणे, काही शे तास सात अंशांच्या खालची थंडी लागते. त्याशिवाय त्याला नीट बहर येत नाही. तुर्भ्याच्या डोंगराने कितीही वारा अडवला तरी ती थंडी इथे कुठून यायची? म्हणून मे ते जुलै या दिवसांत आपल्याला मिळतो तो माल हिमाचल, उत्तराखंड, काश्मीर आणि पंजाब इकडचा. सिरमूर जिल्ह्यातले राजगड तर सप्ताळूसाठीच प्रसिद्ध आहे. पण फळ परक्या मातीतले म्हणून परके राहते असे नाही. अननस, पेरू, पपई ही फळे पोर्तुगिजांच्या काळात अमेरिकेहून आली. आज पेरू परका आहे असे म्हटले तर मुले हसतील.

युरोपातून हेच सप्ताळू सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत गेले आणि तिथे रानोमाळ वाढले. पुढे तिकडे वसाहत करणारी कुटुंबे गाड्यांतून प्रवास करीत. त्यांच्यापाशी भट्टी कुठली असणार? त्यांच्याजवळ तीन पायांचे लोखंडी भांडे असे. त्याच्या झाकणाला उभी कड असे, ती एवढ्यासाठी की झाकणावर ठेवलेले निखारे घरंगळू नयेत. तळाशी फळांच्या फोडी, वर पिठाचे गोळे, खाली निखारा, वर निखारा. हाच त्यांचा कॉबलर, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे नाव पुस्तकांत दिसू लागते. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धाच्या काळी पीठ, लोणी, साखर रेशनवर आली, तेव्हा पोळी लाटून पाय करण्याऐवजी फळावर नुसता भुगा पसरून भाजण्याची रीत लोकप्रिय झाली. त्याचे नाव क्रंबल. म्हणजे पाहा, हे पदार्थ कुणा राजाच्या मुदपाकखान्यात जन्मले नाहीत. ज्या बाईजवळ साधने कमी होती तिने ते केले. आजींनी माझ्या भांड्यात डोकावून जे सांगितले, ते एखाद्या अमेरिकन आजीने त्याच शब्दांत सांगितले असते.

आता आपल्या गावाकडे येऊ. स्वयंपाकघरातला विस्तव कसा बदलला याचा इतिहास लिहायचा तर तुर्भ्याला वगळून लिहिता येणार नाही. माहूलला 1954 साली स्टॅनव्हॅकचा आणि 1955 साली बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पहिला पुढे एस्सोचा झाला आणि 1974 साली सरकारने घेतला, दुसरा 1976 साली. आज ते हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी आपल्या माहितीचे आहेत. तेल शुद्ध करताना जो वायू निघतो तोच सिलिंडरात भरून, त्याच दशकाच्या मध्यास, बर्शेन या नावाने मुंबईतल्या घरांत येऊ लागला. टाटांचे औष्णिक वीजकेंद्र तुर्भ्याला 1956 साली चालू झाले. त्याच वर्षी 4 ऑगस्टला अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. गॅस, वीज आणि अणुशक्ती, तिन्ही अग्नी तीन वर्षांच्या आत एका डोंगराच्या पायथ्याशी आले.

परंतु कारखाना दाराशी आला म्हणून गॅस घरात आला असे मात्र झाले नाही. जोडणीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. माझ्या आईच्या घरात वखारीतल्या कोळशाची शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह कितीतरी वर्षे चालला. शिवाय गॅसवरचे अन्न खाल्ले की पोटात वायू धरतो, अशी भीतीही होती. आमच्याकडे गॅस आला त्या दिवशी आईने पहिल्यांदा चहा केला आणि शेजारणींना बोलावून दाखविला. चहा होऊन गेला तरी आई शेगडीकडे पाहून म्हणाली, "डोळे नाही झोंबले." तिच्या वीस वर्षांच्या संसारातला हा पहिला चहा होता, ज्याच्यासाठी तिने फुंकणी हातात धरली नव्हती. धुराचे दिवस गेले याचे मला कधीही वाईट वाटणार नाही, आणि चुलीच्या स्वयंपाकाचे गोडवे गाणाऱ्यांनी एक पावसाळा ओली लाकडे पेटवून पाहावीत.

पण एक गोष्ट त्या धुराबरोबर गेली. गॅसच्या ज्योतीला निखारा नसतो. आच फक्त खालून येते. झाकणावर ठेवायला काही उरलेच नाही, आणि आईचे धोंडस बंद झाले. पुढे सणासुदीला नानकटाई करायची तर तूप, साखर, मैदा घेऊन आम्ही बेकरीत जात असू आणि तिथल्या भट्टीत पत्रे लावून आणत असू. त्यानंतर काचेची खिडकी असलेला गोल विजेचा ओव्हन आला, मग केकचे वर्ग निघाले. त्या वर्गात बसून आम्ही जे पैसे देऊन शिकलो, ते वरखाली आच राखण्याचेच शास्त्र होते. आईला ते येत होते. तिला कुणी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही, कारण आपल्याला काही येते असे तिला वाटतच नव्हते. मराठीत पाकशास्त्राची छापील पुस्तके 1875 च्या 'सूपशास्त्रा'पासून निघत आली आहेत. पण झाकणावर किती निखारे, किती वेळाने राख झटकायची, हे हाताला हात लावूनच कळायचे. हात थांबले की ते ज्ञान संपते.

असो. आता कबूल केल्याप्रमाणे पाककृती.

सहा मध्यम सप्ताळू घ्यावेत, पिकलेले पण घट्ट. उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडून लगेच गार पाण्यात टाकले की साल हाताने निघते. बाठ काढून फोडी कराव्यात. काही जातींची बाठ सहज सुटते, काहींची चिकटून असते. चिकटलेली असेल तर सुरीने फोडी कापून घ्याव्यात. बाठीतली कडू बी पदार्थात घालू नये, ती अपायकारक असते. फोडींना चार चमचे साखर, चमचाभर लिंबाचा रस, चमचाभर कॉर्नफ्लॉवर आणि किंचित जायफळ लावून तूप लावलेल्या भांड्यात पसरावे. एक वाटी मैदा, पाव वाटी बारीक रवा, पाव वाटी साखर, दीड चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एकत्र करून त्यात चार मोठे चमचे थिजलेले तूप बोटांनी चोळावे. अर्ध्या वाटीहून थोडे अधिक दूध घालून भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट भिजवावे आणि फोडींवर चमच्याचमच्याने सोडावे. सगळे झाकून टाकू नये, रसाला वर यायला वाट ठेवावी. अंडे लागत नाही. ओव्हन 180 अंशांवर आधी तापवून 35 ते 40 मिनिटे भाजावे. पिठात सुरी घालून कोरडी निघाली म्हणजे झाले.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड कढईत अर्धा इंच वाळू किंवा जाडे मीठ घालून, तिवई ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे, मग भांडे आत ठेवून मंद आचेवर 45 ते 50 मिनिटे राखावे. कुकर वापरल्यास शिटी आणि रबर काढून ठेवावे. या रीतीने पदार्थ शिजतो पण वर रंग येत नाही, कारण वरची आच नाही. त्यावर आजींचा उपाय असा: शेवटी लोखंडी तवा दुसऱ्या शेगडीवर चांगला लाल होईस्तो तापवून, सांडशीने धरून, झाकणाऐवजी कढईवर पालथा ठेवावा. पाच-सात मिनिटांत रंग धरू लागतो. सप्ताळू नसतील तेव्हा घट्टसर रायवळ आंबा किंवा अननस घ्यावा. अननसाला साखर थोडी वाढवावी.

भगिनींनो, एक विनंती करून लेख पुरा करते. मंडळाच्या कपाटात एक कोरी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर आजींचे धोंडस मी त्यांच्या तोंडून उतरवून घेतले आहे. किती निखारे, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "खाली सहा, वर नऊ, नि वास आला की वरचे चार काढायचे." ते तसेच लिहिले आहे. आपल्या घरी सासू, आई, मावशी, आत्या कुणी असतील, त्यांना एकदा विचारा, आणि दुसरे पान भरा.