गुणांवरून ठरणारे कमाल भाडे

नेदरलँड्समध्ये १९७९पासून घराचे कमाल भाडे गुण मोजून ठरवता येते. खोल्यांच्या दर चौरस मीटरला १ गुण, कोठीसारख्या इतर जागेला पाऊण. मोजणी अगदी ओट्यापर्यंत जाते: स्वयंपाकघरातला ओटा १ मीटरहून आखूड असेल तर शून्य, १ ते २ मीटर असेल तर ४, त्याहून लांब असेल तर ७ गुण. न्हाणीघर, गॅलरी आणि वीज-इंधनाची बचत यांचेही गुण असतात. बेरजेपुढचे कमाल भाडे सरकारी कोष्टकात मिळते. ते दरवर्षी सुधारले जाते.

घराच्या ठिकाणाला मात्र या हिशेबात फारसे वजन नव्हते. ऑक्टोबर २०१५पासून नगरपालिकेने ठरवलेले घराचे मूल्य त्यात धरले जाऊ लागले आणि गणित पालटले. अ‍ॅमस्टरडॅममधल्या चिमुकल्या सदनिकाही केवळ पत्त्याच्या जोरावर गुणांची मर्यादा ओलांडून भाडे-नियंत्रणाबाहेर निसटू लागल्या. म्हणून मे २०२२मध्ये अशा घरांपुरता मूल्याच्या गुणांचा वाटा एकूण बेरजेच्या ३३ टक्क्यांवर रोखला गेला.

१ जुलै २०२४च्या कायद्याने मधल्या भाड्याची घरेही कोष्टकाखाली आणली. १४३ गुणांपर्यंत स्वस्त, १४४ ते १८६ मध्यम आणि १८७पासून पुढे मोकळा बाजार. त्या वर्षी १८६ गुणांची मर्यादा दरमहा १,१५७.९५ युरो होती. वाद झाल्यास भाडे-लवाद गुण पुन्हा मोजतो. मालकांची नाराजी अनपेक्षित नव्हती: अनेकांनी रिकामी झालेली घरे पुन्हा भाड्याने न देता विकायला काढली.