पोथीचा कागद आणि जंबुपार दिवा

वर्धेच्या कांठचें कौंडण्यपूर हें रुक्मिणीचें माहेर. नरेंद्राचें रुक्मिणीस्वयंवर असो वा एकनाथांचें, त्याची जुनी पोथी हातीं आली कीं वऱ्हाडांतील संग्राहकाचा जीव तींत अधिकच गुंततो, व तेथेंच फसगतीस वाव राहतो. पुष्पिकेंतील शक लेखकानें मूळ प्रतीवरून तसाच उतरलेला असूं शकतो. क्वचित् तो मागाहून रचलेलाहि असतो. पोथी महानुभावांच्या सकळ लिपींत असली तर अक्षरवळणावरून काळ ठरविणें आणखीच कठीण. अशा वेळीं जंबुपार किरणांच्या दिव्याची साक्ष काढावी, असें आम्हांस वाटतें.

डोळ्यांस न दिसणारे हे किरण कांहीं पदार्थ शोषून घेतात व दृश्य प्रकाशाच्या रूपानें परत सोडतात. स्टोक्स या शास्त्रज्ञानें १८५२ सालीं या गुणास फ्लुओरेसन्स हें नांव दिलें. मराठींत त्यास प्रतिदीप्ति म्हणतात. १९१४ च्या सुमारास कोगेल या जर्मन साधूनें याच प्रकाशांत छायाचित्रें घेऊन खरडलेल्या चर्मपत्रांवरील लेख उजेडांत आणले.

मात्र युरोपांतील हा अनुभव आपल्या पोथ्यांस जसाच्या तसा लागू पडत नाहीं. तिकडील शाई मायफळ व हिराकस यांची. तिच्यांतील लोह चर्मपत्रांत मुरतें, म्हणून अक्षर खरडलें तरी तेवढी जागा दिव्याखालीं काळी दिसते. आर्किमिडीजच्या ग्रंथाचीं पानें २००५ सालीं स्टॅनफर्ड येथें क्ष-किरणांपुढें धरलीं, तीं याच लोहाच्या प्रतिदीप्तीसाठीं. आपली शाई काजळाची. ती धुऊन गेली तर मागें लोह उरत नाहीं. हिंगुळांतील पारा व हरताळांतील सोमल क्ष-किरणांस सांपडतो, हें खरें. पण हरताळ फासून झांकलेलें अक्षर वाचावयाचें तर अवरक्त प्रकाशच हवा. तो हरताळांतून पुष्कळसा पार जातो व काजळांत अडतो.

आमच्या मतें जंबुपार दिव्याचा खरा उपयोग शाईपेक्षां कागदासाठीं आहे. १९५० च्या सुमारापासून गिरणीच्या कागदांत शुभ्रता वाढविणारीं द्रव्यें पडूं लागलीं. तीं या दिव्याखालीं निळसर पांढरीं झळकतात. जुना हातकागद असा झळकत नाहीं. शके १५०० ची म्हणून विकावयास आणलेली पोथी पानोपान निळी झळकली, तर पुष्पिका वाचण्याचे श्रम वांचले! तथापि डागडुजीचा नवा कागदहि झळकतो, म्हणून एका कोपऱ्यावरून निकाल देऊं नये. उलट, न झळकणें हा प्राचीनत्वाचा पुरावा नव्हे. जुना कोरा कागद मिळवून त्यावर लिहिणें लबाडास अशक्य नाहीं.

हल्लीं निरनिराळ्या प्रकाशांत घेतलेलीं छायाचित्रें संगणकावर एकमेकांवर बसवून पुसट अक्षर उठावदार करतां येतें. पण त्याच आज्ञावलीनें डागाचाहि काना करतां येतो. मूळ छायाचित्र, दिवा व गाळणी यांची नोंद सोबत नसेल, तर केवळ सुधारलेल्या चित्रावरून सुचविलेला पाठ आम्ही ग्राह्य मानणार नाहीं. दिवा पानावर फार वेळ धरूं नये, व पाहणाऱ्यानें हे किरण अडविणारा चष्मा लावावा.