समुद्राचा रंग मोजताना

समुद्राचे चित्र काढायला सांगितले की वर्गातली बहुतेक मुले निळा खडू उचलतात. कोकण किनाऱ्यालगतचे पाणी मात्र बरेचदा हिरवट किंवा मातकट असते. या रंगावरून पाण्यातल्या जीवसृष्टीचा अंदाज बांधता येतो. पण तो मोजायचा कसा?

१८६५ साली अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडल्या. तबकडी किती खोलीवर दिसेनाशी होते, एवढेच पाहायचे. पाणी गढूळ किंवा प्लवकांनी भरलेले असेल तर ती लवकर दिसेनाशी होते. (दोरी आणि पांढरी थाळी घेऊन गावच्या विहिरीत हा प्रयोग आपणही करू शकतो.) पण जहाज एका वेळी एकाच ठिकाणी असते, आणि समुद्र अफाट.

वनस्पती-प्लवकांतले हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते, हिरवा फारसा शोषत नाही. तेव्हा पाण्यातून परत येणाऱ्या निळ्या व हिरव्या प्रकाशाचे गुणोत्तर काढले, की हरितद्रव्याचे प्रमाण कळायला हवे. १९७० साली क्लार्क, यूइंग आणि लोरेन्झेन यांनी विमानातून मोजमापे घेऊन हे शक्य असल्याचे दाखवले. मात्र विमान जितके उंच जाई, तितकी हवेने विखुरलेल्या प्रकाशाची भेसळ वाढे. उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशात तर समुद्राचा वाटा रुपयात जेमतेम दहा पैसे. उरलेले नव्वद पैसे बिनचूक वजा करता आले पाहिजेत. हॉवर्ड गॉर्डन यांनी त्यासाठी लाल प्रकाशाचा आधार घेतला. स्वच्छ पाणी लाल प्रकाश जवळजवळ परत पाठवतच नाही. म्हणजे तिथे दिसणारा लाल प्रकाश हवेचा. त्यावरून निळ्या-हिरव्यातला हवेचा वाटा काढता येतो. आम्हाला विचाराल तर या इतिहासातली खरी करामत ही वजाबाकीच आहे.

ऑक्टोबर १९७८ मध्ये 'निंबस-७' उपग्रहावरून असे उपकरण गेले. एका वर्षाच्या प्रयोगासाठी पाठवलेले हे यंत्र १९८६ पर्यंत चालले. उत्तर अरबी समुद्र हिवाळ्यात हिरवा होतो, हे त्याच्या चित्रांत दिसले. थंड, कोरड्या वाऱ्यांनी वरचे पाणी गार व जड होऊन खाली जाते आणि खालचे पोषक क्षार वर येतात. पावसाळ्यात मात्र ढगांमुळे आपला समुद्र उपग्रहाला दिसतच नाही.

२६ मे १९९९ रोजी भारताचा 'ओशनसॅट-१' गेला. आता हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे मिळण्याच्या संभाव्य जागा मच्छीमारांना कळवते. शोधाशोध कमी होते, डिझेल वाचते. उपग्रहाला मासा दिसत नाही, दिसते ते त्याचे अन्न. प्लवकांवर जगणाऱ्या तारलीच्या बाबतीत हा माग जवळचा. सुरमईच्या बाबतीत दूरचा. शिवाय तीच सूचना छोट्या होडीला मिळते आणि मोठ्या ट्रॉलरलाही. किती मासा काढला आणि किती उरला, हे त्या नकाशात नसते. त्यासाठी आजही बंदरावर उतरलेल्या मासळीचीच मोजदाद करावी लागते.